काळ्या शेळीची चालू बटनं

संभाजीनगरचा पोरगा आठवणी लिहायला बसला म्हणल्यावर तुम्ही मनात काय काय मांडून ठेवलं असंल, मला माहीत आहे. दरवाजे येतील, मकबरा येईल, नान-खलिया येईल, अन् शेवटी कुणीतरी लेण्यापुढं उभं राहून डोळे पुसंल. नाय. मग प्रयोगशाळेची गोष्ट आहे म्हणल्यावर दुसरा अंदाज: पांढरा कोट, काचेची नळी, नळीतून हिरवा धूर, अन् 'सापडलं, सापडलं' म्हणत पळणारा शास्त्रज्ञ. तेबी नाय. आमच्या प्रयोगशाळेत काचेची एकच वस्तू होती, चहाचा ग्लास. तोबी खालच्या टपरीचा, परत द्यायचा राहिलेला. एसी होता, पण तो आमच्यासाठी नव्हता, कंप्युटरसाठी होता. आम्ही त्याच्या उरलेल्या थंडीत बसायचो.

राहिली शेळी. शेळी आहे, पण ती या गोष्टीत एकदाबी ओरडणार नाय. मी तिला कधी डोळ्यानं बघितलं नाय. फक्त तिची अक्षरं बघितली. ए, सी, जी, टी, ही चारच अक्षरं, पण इतकी की छापायला बसलं तर शहरातला कागद संपंल. शेळीच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत ही आख्खी पोथी असते. आमचं काम त्या पोथीत चालू बटनं शोधायचं.

आता बटनं म्हंजे काय, ते मला कॉलेजात नाय कळलं. ते मला गारखेड्याला खोली घेतल्यावर कळलं.

पण आधी मी कोण ते सांगतो. मी फर्दापूरचा. लेणी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या आमच्या फाट्यावर थांबतात, तिथून पुढं बसनं जायचं. माझी शाळा गावातलीच, पण खरी शाळा फाट्यावर. तिथं एक गाइड जपानी बोलायचा, एक फ्रेंच, अन् एक अशी इंग्रजी बोलायचा की इंग्रजसुद्धा मान हलवून मोकळा व्हायचा. मला शब्द एक कळायचा नाय, पण चाल पाठ. गॅदरिंगला मी जपानी गाइड केला, तर मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. पुढच्या वर्षी मुख्याध्यापक केले, तर त्याच पाठीत रट्टा दिला. नकलेतला सगळा धोका मला तिथंच शिकायला मिळाला: ज्याची नक्कल करायची तो समोर बसलेला नको.

अजून एक गोष्ट तिथंच शिकलो. माणूस पुरा उचलायची गरज नसते. मुख्याध्यापकांचं बोलणं मी उचललंच नव्हतं. फक्त बोलायच्या आधीचं त्यांचं खाकरणं उचललं होतं. मी नुसता खाकरलो की सगळी शाळा उठून उभी राहायची. एक खोड धरली की बास, बाकीचा माणूस बघणारा स्वतःच जोडून घेतो. हे जरा ध्यानात ठेवा, पुढं कंप्युटरनं बी हेच केलं.

तर एमएस्सी झालो अन् इथल्या विद्यापीठात एका प्रोजेक्टवर लागलो. खोली गारखेड्यात, तळमजल्याला घरमालकीण काकू, वर मी. खोली ब्येस होती. फक्त माझ्या फॅनचं बटन काकूंच्या स्वयंपाकघरात होतं. घर बांधताना कुण्या मिस्त्रीनं काय डोकं चालवलं, देव जाणे. उन्हाळ्यात मी वरून ओरडायचो, "काकू, फॅन!" अन् काकू खालून लाटणं हातात धरून बटन दाबायच्या. मी बाहेर गेलो अन् फॅन चालूच राहिला, की मी जिन्यात असतानाच खालून आवाज यायचा, "ओ शास्त्रज्ञ! वारा कुणाला घालायलाय? भिंतीला?" अन् खट्ट.

जीन म्हंजे हा फॅन, किंवा दिवा म्हणा. पोथीत दिवे जागोजागी आहेत. पण दिवा नुसता असून काय उपयोग, तो कधी लागायचा अन् कुठं लागायचा हे बटन ठरवतं. अन् बटन दिव्याशेजारीच असंल असं नाय, लांब कुठंतरी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात असतं. पोथी सगळ्या पेशींत सारखीच, पण डोळ्याच्या पेशीत एक बटनं चालू, कातड्याच्या पेशीत दुसरी. म्हणून डोळा डोळा आहे अन् कातडं कातडं.

काकूंच्या स्वयंपाकघरातला बोर्ड बघितला अन् पुढचं पण कळलं. त्या बोर्डावर बटनांची रांग होती. निम्मी मेलेली, मागं वायरच नाय. कोणतं जिवंत, कोणतं मेलेलं, हे न दाबता ओळखायचं कसं? मी बघितलं, जी बटनं चालतात त्यांच्याभोवती बोटांचे डाग आहेत. जी मेलेली, ती कोरी. पेशीतबी असंच आहे. जे बटन वापरात आहे तिथली पोथी सैल असते, उघडी असते, त्यावर खुणा असतात. दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं शेळीच्या अंडाशयातल्या अशा उघड्या जागा मोजून दिल्या होत्या. त्या कंप्युटरला दाखवायच्या: बाबा, ही बटनं चालू, ती बटनं बंद, अक्षरं बघून घे. मग त्यानं कधी न बघितलेली अक्षरं पुढं ठेवायची अन् विचारायचं: हे चालू का बंद? एवढाच धंदा. नाव मात्र इतकं मोठं की स्लाइडवर दोन ओळी जायच्या.

हे सगळं काम ताईचं. ताई म्हंजे माझी सख्खी बहीण नाय. आमच्या लॅबमध्ये पीएचडी करायची, माझ्या आधीपासून होती, म्हणून ताई. पैठणकडची. घरी शेळ्या-मेंढ्या, वडील अजून कळपामागं असायचे. आपल्याकडची काळी शेळी बऱ्याचदा जुळी देते, ते का, याची बटनं ताई शोधायची. वडिलांचा रानातून फोन आला की पहिला प्रश्न, "घावलं का गं बटन?" ताई म्हणायची, "आबा, एक नसतंय, लई असत्यात." आबा म्हणायचे, "मग एक तरी घावलं का?"

अन् ताईचा जीव टांगणीला होता. प्रबंध जमा करायच्या आधी समितीपुढं एकदा सगळं मांडावं लागतं. मागच्या वर्षी तिनं मांडलं होतं, तर समितीनं 'अजून काम करा, परत या' म्हणून पाठवून दिलं. मिळायची ती मुदतवाढ घेऊन झाली, तीबी संपत आलेली. यंदा समिती व्हय म्हणली तर प्रबंध जमा. नाय म्हणली तर नोंदणीच रद्द, इतक्या वर्षांचं काम पाण्यात. ताई हे कधी बोलून दाखवायची नाय. फक्त कुणी 'समिती' म्हणलं की तिच्या हातातलं पेन टकटक वाजायला लागायचं.

पण यंदा मॉडेल, म्हंजे अक्षरं बघून चालू-बंद सांगणारा आमचा कंप्युटरातला प्रोग्राम, लई भारी झालं होतं. शंभर बटनं दाखवली तर जवळपास शंभर बरोबर. आमचे सर, म्हंजे ताईचे गाइड, इतके खूश की त्यांनी पेढे वाटले. सरांची सवय, एकच गोष्ट दोनदा म्हणायची. "बघ म्हणजे बघ! असं मॉडेल होतं म्हणजे होतं!" मी पेढा खाता खाता हेच वाक्य त्यांच्याच आवाजात परत म्हणलं. सर मागंच उभे होते. तिथं मी पहिली बोलणी खाल्ली, ते सोडून द्या.

मग समितीत बाहेरून कोण येणार ते कळलं. नागपूरचे सर. त्यांचं नाव निघालं की आमच्या विषयातली माणसं खुर्चीत नीट बसतात. ते ओरडत नाय. ते चष्मा काढतात, शर्टाच्या टोकानं पुसतात, अन् म्हणतात, "ठीक. ठीक. ठीक." तिसऱ्या 'ठीक'नंतर भल्याभल्यांचे प्रबंध कोसळलेत म्हणे.

ताई म्हणली, "तू त्यांच्यासारखं बोलून दाखव. मला सवय होऊ दे."

मी काय, नेकी अन् पूछ पूछ. त्यांची घरून घेतलेली लेक्चरं इंटरनेटवर होती. ती सगळी बघितली. मागं भिंत, भिंतीवर कॅलेंडर, पुढं सर. कॅलेंडरकडं बघायला कुणाला वेळ होता, मी माणूस उचलत होतो. डाव्या हातानं चष्मा काढणं उचललं, पुसणं उचललं, तीन 'ठीक' उचलले. मला चष्मा नाय, म्हणून फर्दापूरच्या फाट्यावर घेतलेला काळा गॉगल वापरला.

पहिल्या तालमीला ताईनं स्लाइडा लावल्या अन् बोलत गेली. शेवटी मी खुर्ची मागं सरकवली, डाव्या हातानं गॉगल काढला, पुसला.

"ठीक," मी म्हणलं. "ठीक. ठीक. आता खरं सांगा. हे निगेटिव्ह कुठून आणून राहिले तुम्ही?"

ताई टेबलावर डोकं ठेवून हसली. "माकडा! अगदी तेच रे!"

"हसून काहून राहिले मॅडम? उत्तर द्या."

निगेटिव्ह म्हंजे बंद बटनांचे नमुने, अन् जीनोम म्हंजे ती आख्खी पोथी. ताई डोळे पुसत म्हणली, "रँडम घेतले सर. जीनोममधून कुठूनबी."

"कुठूनबी म्हणजे कुठून?"

खरं सांगतो, मला या प्रश्नाचा अर्थ कळत नव्हता. व्हिडिओत ते प्रत्येक पोराला हेच विचारायचे, म्हणून मी विचारलं. पण ताईचं हसू थांबलं. पेन टकटक करायला लागलं.

"थांब," ती म्हणली, अन् कंप्युटरकडं वळली.

तिनं काय केलं, तर डोळ्यासाठी लागणाऱ्या एका जीनजवळचं बटन घेतलं. अंडाशयात डोळ्याचं काय काम? ते तिथं बंदच असणार, अन् मोजलेल्या आकड्यांतबी ते बंदच होतं. ते मॉडेलला दिलं. मॉडेल म्हणलं, चालू. एकदम छातीठोक, चालू. दुसरं दिलं, कातड्यासाठीचं. चालू. तिसरं. चालू.

"अंडाशयाला डोळे फुटले, ताई," मी म्हणलं. ती हसली नाय, तिनं चौथं बटन दिलं, तेबी चालू.

झालं असं होतं. चालू बटनं बहुतेक जीनच्या आसपासची. तिथं जी अन् सी या अक्षरांची दाटी असते. बंद बटनं मात्र आम्ही कुठूनबी उचलली, अन् पोथीत बहुतेक जागा म्हंजे माळरान, तिथं ही अक्षरं विरळ. मॉडेलनं बटन शिकायचं सोडून दाटी मोजायला सुरुवात केली. काकूंच्या भाषेत सांगायचं तर, आम्ही त्याला चालू बटनं सगळी स्वयंपाकघरातली दाखवली अन् बंद सगळी गच्चीवरची. पठ्ठ्या म्हणला, सोपं आहे, जिथं फोडणीचा वास तिथं बटन चालू. आता त्याला स्वयंपाकघरातलं मेलेलं बटन दाखवा, तो म्हणणार चालूच. माझं मुख्याध्यापकांचं खाकरणं अन् हे, एकच गोष्ट. त्यानं माणूस उचललाच नव्हता.

मला त्या मॉडेलबद्दल जरा आपुलकी वाटली. ताईला नाय वाटली.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी टेबलावरचं पेढ्यांचं रिकामं खोकं उचलून कचऱ्यात टाकलं. मग म्हणले, "पेढे परत मागता येत नाहीत म्हणजे नाहीत." अन् मग ताईला, "खरं जे येईल ते मांडायचं. कमी आलं तरी चालेल. चालेल."

मग आम्ही बंद बटनं नव्यानं निवडली. ज्या मोहल्ल्यातली चालू, त्याच मोहल्ल्यातली बंद. अक्षरांची दाटी तीच, जीनपासूनचं अंतर तेच, फरक एवढाच की ही बंद. अन् परीक्षेसाठी काही गुणसूत्रं आख्खीच्या आख्खी बाजूला काढली, मॉडेलनं ज्यांचं तोंड कधी बघितलं नाय अशी. मॉडेल पुन्हा शिकलं. मार्क धाडकन खाली आले. डिस्टिंक्शनचं पोरगं सेकंड क्लासला. पण डोळ्याचं बटन दाखवलं तर म्हणलं, बंद. कातड्याचं बंद. मी टाळ्या वाजवल्या.

ताई म्हणली, "टाळ्या काय वाजवतोस? मागच्या वर्षी काम कमी म्हणून परत पाठवलं. यंदा मार्क कमी घेऊन चालले. ते पहिला प्रश्न हाच विचारणार. अन् मी तिथं अडखळले ना, तर गेलं सगळं."

मग तिनंच नियम केला. "तू मला कुठंबी विचार, कवाबी विचार. त्याच आवाजात. पाणी पिता पिता उत्तर आलं पाहिजे."

हा नियम माझ्यासारख्या माणसाच्या हातात देणं म्हंजे माकडाच्या हातात कोलीत, पण ताई अडचणीत होती. मी कँटीनमध्ये पोह्याच्या रांगेत मागून विचारायचो. जिन्यात विचारायचो. फोनवर आबांशी बोलत असली तरी विचारायचो. दर वेळी तेच व्हायचं: ताई वळायची, हातात जे असंल ते उगारायची, म्हणायची, "थांब रे माकडा, सांगते," अन् मग उत्तर धडाधडा, एक शब्द इकडचा तिकडं नाय. "त्याच मोहल्ल्यातून आणले, सर..." इथपासून पार शेवटपर्यंत.

पाहुण्यांना शाल-श्रीफळ द्यावं लागतं म्हणून आम्ही गुलमंडीला शाल घ्यायला गेलो. दुकानातले चाचा शालीवर शाल उलगडायलेत, ताई एकीचा पोत बोटांनी बघायलीय, अन् मी गॉगल काढला.

"ठीक. ठीक. ठीक. हे निगेटिव्ह कुठून आणून राहिले तुम्ही?"

"थांब रे माकडा, सांगते," म्हणत ताईनं घडी केलेली शाल माझ्या डोक्यावर उगारली अन् तिथंच, गिऱ्हाइकांमध्ये उभं राहून, पुरं उत्तर दिलं. चाचा शाल धरून ऐकत राहिले. संपल्यावर हळूच ताईला म्हणले, "मॅडम, ये भाई किधर के?"

"नागपूर के बडे सर हैं, चाचा," मीच म्हणलं.

"हौ? इतनी कम उमर में?" चाचांनी पोराला हाक मारली. "अरे, सर के लिए चाय ला!"

चहा मी घेतला. ताईनं दुकानात काही म्हणलं नाय. रिक्षात मात्र सगळं म्हणली.

समितीचा दिवस आला. हॉलमध्ये पुढच्या रांगेत समिती, त्यात मधोमध नागपूरचे सर. व्हिडिओतल्यापेक्षा बारीक निघाले. मी शेवटच्या बाकावर, गॉगल खिशात, तोंड बंद. ताईनं त्या दिवशी साडी नेसली होती अन् पाण्याची बाटली हातात घट्ट धरली होती, पेन टकटक करू नये म्हणून.

ती चांगली बोलली. शेळी, बटनं, मॉडेल, अगदी काकूंचं स्वयंपाकघर अन् गच्चीसुद्धा, सगळं. मार्क कमी आहेत ते स्वतःहून सांगितलं. शेवटची स्लाइड झाली. 

नागपूरच्या सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. मला वाटलं, काहीतरी चुकायलंय. जणू तेच माझी नक्कल करायलेत, अन् जराशी चुकीची. पण काय चुकतंय ते कळंना.

"ठीक," ते म्हणले.

मी मोजायला लागलो: एक.

"ठीक. ठीक. आता खरं सांगा, मॅडम. हे निगेटिव्ह कुठून आणून राहिले तुम्ही?"

"थांब रे माकडा, सांगते," ताई म्हणली.

माइकमधून म्हणली. हातातली बाटली उगारलेली. अन् न थांबता पुढं सुरू, "त्याच मोहल्ल्यातून आणले, सर. जिथून चालू घेतली तिथूनच बंद घेतली, अक्षरांची दाटी सारखी, जीनपासूनचं अंतर सारखं..." गुणसूत्रं बाजूला काढली तिथपर्यंत ती पोचली, उत्तर संपवलं, श्वास घेतला, अन् मग तिला आपला उगारलेला हात दिसला.

आमचे सर तोंडावर फाइल धरून बसले होते. मी बाकाखाली जागा आहे का ते बघत होतो. ताईनं बाटली इतक्या हळू खाली आणली की जणू ती फुटंल.  मला वाटलं, गेलं. आता ही परत नाय उभी राहायची. इतक्या वर्षांची शेळी एका माकडानं खाल्ली.

नागपूरच्या सरांनी चष्मा घातला. "उत्तर बरोबर आहे," ते म्हणले. "माकडाचं नंतर पाहू. आधी हे सांगा, ती मागची स्लाइड, डोळ्याचं बटन चालू दाखवलं ती. स्वतःची चूक स्लाइडवर काहून टाकली? कोणी विचारलं नसतं."

ताईचा आवाज बारीक झाला होता. पण आला. "आधी मॉडेल चुकीचं शिकलं होतं, सर. ते झाकून पुढचं सांगितलं तर पुढच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"ठीक. चूक सापडली कशी?"

 ताईनं सरळ शेवटच्या बाकाकडं बोट केलं. "माझे आकडे काढून देतो त्यानं तुमची नक्कल करून हाच प्रश्न विचारला होता, सर. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं."

आख्खा हॉल मागं वळला. मी उभा राहिलो, नमस्कार केला, बसलो. दुसरं काय करणार?

मग आम्हाला बाहेर काढलं अन् समिती आत बसली. व्हरांड्यात ताई एका खांबाला टेकून उभी.  तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं माझ्याकडं ढकलला.

"आबा, अजून आतच आहेत," मी म्हणलं.

"तू कोण? ते नागपूरचं बोलणारं पोरगं का?" आबांनी विचारलं. "तिला सांग, घाबरू नको म्हणाव. नाय झालं तर शेळ्या हायेत."

मी सांगितलं. ताई हसायला गेली अन् तिला रडूच आलं. पदरानं तोंड पुसत होती तोवर शिपायानं दार उघडलं.

समिती व्हय म्हणली. किरकोळ दुरुस्त्या करून प्रबंध जमा करा म्हणली. ताईनं बाहेर येऊन पहिला फोन रानात लावला. "आबा, झालं!"

"घावलं बटन?"

"काही घावली, आबा."

"जुळ्याचं?"

"ते अजून नाय."

"मंग झालं काय?" आबा म्हणले, पण इतक्या मोठ्यानं अन् खुशीत की मला लांबून ऐकू आलं.

त्यानंतर माझी पाळी. आधी सरांनी व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेतलं. "लाज म्हणजे लाज आहे का तुला? माझं तोंड कुठं म्हणजे कुठं लपवू?" मी मान खाली घालून उभा. मग ताई आली, रिकामं झालेलं शालीचं खोकं हातात. ते तिनं खरंच माझ्या डोक्यात घातलं, पहिल्यांदाच, उगारून सोडून न देता. "तू माझ्या डोक्यात घुसून बसलास, माकडा! उद्या मी त्यांचं लेक्चर कुठं ऐकलं की मला तुझंच थोबाड दिसणार! अन् नोंदणी गेली असती ना आज, तर तुला पैठणला नेऊन शेळ्यांमागं लावलं असतं, जन्मभर!" अजून एक खोकं. "चहा सांग सगळ्यांना. तुझ्याकडून."

शिपाई परत आला. नागपूरच्या सरांनी माकडाला आत बोलावलंय.

आत ते एकटेच होते, खांद्यावर आमची गुलमंडीची शाल, पुढं चहा. मी उभा राहिलो.

"करा," ते म्हणले.

"सर, चुकलं..."

"करा म्हणतो."

मी खिशातून गॉगल काढला. तो डोळ्यावर चढवला. डाव्या हातानं काढला, शर्टानं पुसला, तीन वेळा ठीक म्हणलं, अन् घाबरून परत घातला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नाय, राग नाय. त्यांनी चहाचा कप उचलला. उजव्या हातानं.

"कोणता हात वापरला तुम्ही?"

"डावा, सर."

"मी डावखुरा आहे काय?"

मी कपाकडं बघितलं. "व्हिडिओत डावाच दिसतो, सर."

"तो व्हिडिओ मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं घेतलेला आहे. आरशासारखा उलटा. मागं कॅलेंडर आहे, दिसलं?"

"दिसलं, सर."

"वाचलं?"

"...नाय, सर."

"आकडे उलटे आहेत त्याचे!" कप बशीवर आदळला. "इतक्यांदा पाहिलं, अन् मागचं कॅलेंडर वाचलं नाही? त्या मॉडेलनं स्वयंपाकघर पाहून बटन सांगितलं म्हणून तुम्ही हसले असाल ना? अन् स्वतः काय केलं? माल कुठून आला, कसा घेतला, सुलटा की उलटा, काही पाहायचं नाही, नुसतं उचलायचं! अशा हातांनी त्या पोरीच्या प्रबंधाचे आकडे काढले तुम्ही? उद्या सकाळपासून सगळे परत तपासा, एकेक, अन् मला पाठवा. नक्कल करून राहिले मोठे! अन् भर खोलीत काळा गॉगल काहून घातला? काढा तो आधी!"